भंगारांतील सूर

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आमच्या शाळेच्या मागल्या ओसरीवर एक मोठा काटा लावण्यांत आला होता. मोडकीं बांकें, गंजलेलीं कुलुपें, प्रयोगशाळेंतील लोखंडी स्टँडचे तुकडे आणि संगणकाच्या खोलींतील दहा जुने संगणक, ही सर्व मालमत्ता किलोच्या भावानें विकावयाची असें ठरलें होतें. हे संगणक सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं एका उदार गृहस्थाकडून शाळेला मिळाले. मिळाले तेव्हांच ते वापरलेले होते. मी येथें रुजू होण्यापूर्वींची ही गोष्ट. परंतु ते आले त्या दिवशीं मुलांनीं त्यांस फुलांचे हार घातले होते, असें आमचे शिपाईमामा अजून सांगतात. आतां त्यांच्याच हातून ते काट्यावर चढत होते.

सात पेट्या गेल्यावर आठवी उचलतांना नववींतील एक विद्यार्थी थबकला व म्हणाला, "सर, एकदां लावून बघूं कां?" वायर जोडली, बटण दाबलें. पडदा जोडलेलाच नव्हता, त्यामुळें दिसण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु पेटीच्या पोटांतून 'टूं' असा एक स्वच्छ, बारीक सूर निघाला. भंगारवाल्यासह सारे हंसले. मला मात्र हंसूं आलें नाहीं. तो सूर माझ्या फार जुन्या ओळखीचा होता. उरलेल्या तीन पेट्या मीं मुख्याध्यापकांच्या परवानगीनें काट्यावरून बाजूस काढविल्या. असें कां केलें, याचा जबाब माझे सहाध्यापक मित्र मला तेव्हांपासून विचारीत आहेत. तो या अंकांत लेखी देत आहें.

माझें बालपण बदनापुरांतच गेलें. १९९० नंतरच्या दशकांत येथील बाजारपेठेंत एका दुकानाच्या मागल्या खोलींत टी.व्ही.ला जोडावयाचा खेळ तासावर मिळे. तासाला दोन रुपये. आणि मधेंच वीज गेली तर तो तास बुडाला. निन्टेंडो या जपानी कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या यंत्राची ती स्वस्त नक्कल होती, हें मला फार उशिरा कळलें. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ खेळ' असें छापलेलें असे. पाहूं गेल्यास पांचसहा खेळच निरनिराळ्या क्रमांकांखालीं पुन्हां पुन्हां भेटत. जाहिरातीच्या खरेपणाविषयींचा माझा तो पहिला पाठ. परंतु त्या खोलींतून येणारें संगीत खरें होतें. मारिओच्या खेळाची चाल त्या काळच्या कोणत्याही मुलास आजही शिटीवर वाजवितां येते. कोजी कोंदो यांनीं १९८५ सालीं रचलेल्या त्या चालीचा समावेश अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें २०२३ सालीं जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांच्या यादींत केला. अशा खेळांतील संगीतास तो मान तेव्हां प्रथमच मिळाला. माझे वडील तिला 'किरकिर' म्हणत.

पुढें महाविद्यालयांत असतांना वसतिगृहांतील एका मित्राकडे नोकियाचा ३३१० हा मोबाईल आला. त्यांत घंटीची चाल स्वतः रचण्याची सोय होती. एका वेळीं एकच सूर, आणि तोही एकेक कळ दाबून आंत घालावयाचा. आम्हीं दोघांनीं एका रात्रीं आमच्या उपासनेंतील एका गीताची चाल त्यांत बसविली. तिसऱ्या ओळींतील एक लांब सूर कांहीं केल्या नीट बसेना, म्हणून पहाटेपर्यंत जागलों. संगीताचें खरें शिक्षण मला त्या रात्रीनें दिलें असें मी मानतों. कारण जें गीत मी लहानपणापासून गात आलों होतों, तें कोणत्या सुरांचें बनलेलें आहे हें मला तोंवर ठाऊकच नव्हतें.

या जातीच्या संगीतास आज जगांत 'चिपट्यून' म्हणतात. वाचकांपैकीं पुष्कळांस हा शब्द नवा असेल, म्हणून थोडी फोड करितों. आजच्या मोबाईलमध्यें गाणें वाजतें तें बहुधा आधीं मुद्रित केलेलें असतें. यंत्र तें केवळ पुन्हां ऐकवितें. चाळीस वर्षांपूर्वींच्या घरगुती संगणकांत मुद्रित आवाज साठविण्यास जागाच नसे. त्यांत एक लहानशी चिप असे व ती स्वतःच सूर उत्पन्न करी. अमुक कंपनांचा सूर, अमुक वेळ, अमुक इतका मोठा, एवढें तिला आंकड्यांत सांगावयाचें. सांगितलें तेवढें ती करी. न सांगितलेलें कांहीं करीत नसे. १९८२ सालीं अमेरिकेंत निघालेल्या कमोडोर ६४ या संगणकाची चिप बॉब यानेस यांनीं आंखली होती व ती त्या काळीं फार कुशल समजली जाई. तरी तिला एका वेळीं तीनच सूर काढतां येत. एक सूर गाण्यास, एक खर्जास, एक तालास असे वांटून दिल्यावर साथीच्या स्वरसमूहास सूर उरेना. तेव्हां रॉब हबर्ड यांच्यासारख्या रचनाकारांनीं एक युक्ति योजिली. स्वरसमूहांतील तीन सूर एकदम वाजवितां येत नाहींत, तर ते एकामागून एक इतक्या वेगानें वाजवावे, अगदीं सेकंदास पन्नास वेळांपर्यंत बदलत, कीं कानास ते एकत्र भासावे. अंधारांत कोलीत गरगर फिरविलें म्हणजे आगीचें अखंड कडें दिसतें, तोच हा न्याय. चिपट्यूनचा जो झुळझुळता, किंचित थरथरता आवाज आहे, तो या अडचणींतून जन्मास आला आहे.

याहूनही दरिद्री यंत्र ब्रिटनमध्यें त्याच सालीं निघालें. सिंक्लेअर कंपनीच्या झेड एक्स स्पेक्ट्रम या संगणकांत निराळी ध्वनिचिप नव्हतीच. एक लहानसा भोंगा, आणि त्यास दोनच गोष्टी ठाऊक: चालू आणि बंद. दिव्याचें बटण जसें भराभर दाबावें व सोडावें, तसें त्या भोंग्याचें करावयाचें. सेकंदास किती वेळां, त्यावर सुराची उंची ठरे. एवढ्याशा सामग्रींतून टिम फॉलिन नांवाच्या तरुणानें एकाच वेळीं अनेक वाद्यें वाजत असल्याचा भास उत्पन्न केला. हा संगणक आपल्यास परका आहे असें मात्र समजूं नये. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत पुण्याच्या डेसीबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें तो परवाना घेऊन 'डी.बी. स्पेक्ट्रम' या नांवानें आपल्या देशांत विकला. त्याच सुमारास, १९८४ पासून, केंद्र सरकारनें 'क्लास' या योजनेखालीं निवडक शाळांना ब्रिटनचे बी.बी.सी. मायक्रो संगणक पुरविले. त्यांच्या चिपमध्यें तीन सूर व एक खरखर होती. म्हणजे तालासह लहानसा वाद्यवृंदच. त्या शाळांत किती मुलांनीं त्यावर एखादी ओवी किंवा आरती बसवून पाहिली असेल, कोण जाणे! अभ्यासक्रमांत तशी कांहीं तरतूद असल्याचें माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, पुढें यंत्रें सुधारलीं, जागेचा तुटवडा सरला, वाटेल तें मुद्रण वाजूं लागलें. तरी कांहीं लोकांनीं हीं जुनीं यंत्रें सोडलीं नाहींत. युरोपांत, विशेषतः उत्तरेकडील देशांत, तरुणांचे मेळावे भरूं लागले. फिनलंडमधील 'असेंब्ली' हा मेळावा १९९२ पासून भरत आला आहे. तेथें स्पर्धा अशी कीं, चित्र, हालचाल व संगीत मिळून संपूर्ण कृति ६४ किलोबाइटमध्यें बसवावी. कांहीं स्पर्धांत तर चारच किलोबाइटमध्यें. आपल्या मोबाईलवर काढलेलें एक छायाचित्र तीन मेगाबाइटचें धरलें, तर त्याच्या जागेंत ६४ किलोबाइटच्या अठ्ठेचाळीस कृति मावतील. या कलेला 'डेमोसीन' म्हणतात. फिनलंडनें २०२० सालीं व जर्मनीनें २०२१ सालीं तिला आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत स्थान दिलें. आपल्याकडे वारसा म्हटला कीं किल्ला किंवा लेणें डोळ्यांपुढें येतें. संगणकावरील करामतीला तो मान मिळावा हें अनेकांस चमत्कारिक वाटेल.

या कलेचा उगम निष्कलंक नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. विकत घ्यावयाच्या खेळांचें कुलूप फोडून ते फुकट वांटणारे जे तरुण होते, ते आपली सही म्हणून खेळाच्या आरंभीं एक लहानसें चित्र व चाल जोडून देत. त्या सह्यांतून पुढें ही स्वतंत्र कला वाढली. चोरी ती चोरीच. आणि माझ्या लहानपणींचा दोन रुपयांचा खेळही नकलेच्या यंत्रावर चालत होता, तेव्हां मी कोणाकडे बोट दाखवावें असा अधिकार मला उरत नाहीं. विद्यार्थ्यांनीं यांतील कसब घ्यावें, कुलूप फोडण्याची संवय घेऊं नये.

चित्रांची गोष्ट संगीतासारखीच. स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ व उभे १९२ ठिपके असत. त्यांचे आठ बाय आठ ठिपक्यांचे ७६८ चौकोन पडत, आणि एका चौकोनांत दोनच रंग भरतां येत. हिरव्या झाडापुढून तांबडा घोडा गेला, कीं झाड तांबडें तरी होई किंवा घोडा हिरवा तरी. चित्रकारास आधीं चौकोन पाहावे लागत, मग घोडा. ही कला आपल्या मुलींना शिकवावी लागत नाहीं. ठिपक्यांची रांगोळी काढणारी कोणतीही मुलगी अंगणांत बसल्या बसल्या हें गणित करीत असते. आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून ज्यांनीं मॅटीच्या कापडावर फुलीचा टांका घातला आहे, त्या आमच्या आयाबहिणींनीं चौकटीच्या कागदावर गुलाब मोजून काढला आहे. १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावरील चिमुकलीं चित्रें सुझन केअर या बाईंनीं अशींच चौकटीच्या कागदावर, बत्तीस बाय बत्तीस चौकोनांत, काढलीं होतीं. माझ्या आईनें विणलेला उशीचा अभ्रा व केअरबाईंचीं चित्रें शेजारीं ठेवलीं, तर घराणें एकच आहे असें कोणीही म्हणेल.

"हें सर्व ठीक, पण हा आवाज संगीत आहे काय?" असा प्रश्न आमच्या शिक्षकांच्या खोलींत निघाला, आणि तो आमच्या संगीताच्या बाईंनींच विचारला. प्रश्न योग्य आहे. त्याला उत्तर म्हणून मी त्यांच्याच हार्मोनियमची हकीकत सांगितली. पॅरिसमध्यें १८४० च्या सुमारास जन्मलेलें हें वाद्य युरोपीय लोकांबरोबर येथें आलें. उपासनामंदिरांत, शाळांत, मग नाटकगृहांत व भजनांत शिरलें. १९४० सालीं आकाशवाणीनें त्यास आपल्या केंद्रांतून हद्दपार केलें. कारण असें कीं, त्यावर मींड निघत नाहीं, श्रुति निघत नाहींत, दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेंत तें मुकें आहे. आक्षेप खोटा नव्हता. तथापि १९७१ सालीं ती बंदी सैल करावी लागली. आणि दरम्यान गोविंदराव टेंब्यांच्या बोटांनीं घडविलेली वाट महाराष्ट्रांतील कोणत्याही गवयानें सोडली नव्हती. वाद्याची उणीव खरी असूनही वाजविणारा तिच्यांतून मार्ग काढतो. आमच्या बाई हंसून म्हणाल्या, "सर, टेंबे होते म्हणून तें झालें. तुमच्या पेटीला टेंबे कोठून आणणार?"

तो टोला मला लागला. म्हणून जानेवारीपासून शनिवारीं शेवटच्या तासानंतर नववींतील सहा विद्यार्थ्यांस घेऊन मीं एक प्रयोग आरंभिला. त्याचें वर्णन थोडें विस्तारानें करितों.

आमच्या जुन्या संगणकांत क्यूबेसिक नांवाची आज्ञावली आहे. तींत 'साउंड' ही आज्ञा देऊन पुढें दोन आंकडे लिहावयाचे: पहिला सेकंदास किती कंपनें, दुसरा किती वेळ. वेळ मोजण्याचें माप म्हणजे सेकंदाचा सुमारें अठरावा भाग. बस्स, एवढेंच व्याकरण. कोणता राग घ्यावा हें ठरवितांना मीं मुलांना चरणजित सिंग यांचें वादन ऐकविलें. मुंबईंतील चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या या गृहस्थांनीं १९८२ सालीं रोलँड या जपानी कंपनीच्या तीन विद्युत्-वाद्यांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग वाजवून त्यांची तबकडी काढली. हें चिपचें संगीत नव्हे, परंतु भावंड सख्खें आहे. तबकडी खपली नाहीं. त्यांतील टी.बी. ३०३ हें खर्जाचें यंत्रही बाजारांत पडलें. १९८४ च्या सुमारास त्याचें उत्पादन बंद झालें व तीं यंत्रें मिळेल त्या किंमतीस जुन्या बाजारांत गेलीं. पुढें शिकागोच्या तरुणांनीं तीं उचलून १९८७ सालीं नृत्यसंगीताचा एक नवाच प्रकार चालू केला. आणि २०१० सालीं चरणजित सिंग यांची तबकडी परदेशांत पुन्हां निघाली, तेव्हां लोकांस आढळलें कीं, मुंबईच्या या वादकानें तसाच नाद पांच वर्षें आधीं काढून ठेवला होता. ते २०१५ सालीं वारले. आयुष्याच्या शेवटल्या वर्षांत त्यांना तरुण श्रोते मिळाले.

मुलांनीं भैरव निवडला. षड्ज २४० कंपनांचा धरला. मग फळ्यावर गुणोत्तरें मांडलीं. पंचम षड्जाच्या दीडपट, म्हणजे ३६०. मध्यम चार-तृतीयांशपट, ३२०. शुद्ध गांधार पांच-चतुर्थांशपट, ३००. कोमल ऋषभ सोळा-पंधरांशपट, २५६. कोमल धैवत आठ-पंचमांशपट, ३८४. शुद्ध निषाद पंधरा-अष्टमांशपट, ४५०. वरचा षड्ज ४८०. एकही अपूर्णांक उरला नाहीं! गुणोत्तराचें प्रकरण मी अठरा वर्षें शिकवीत आहें. दोन मजूर व पांच दिवस, तीन नळ व एक हौद, यांपलीकडे त्याचा उपयोग मीं स्वतः कधीं कानानें ऐकला नव्हता. एका मुलानें ३८४ च्या जागीं चुकून ३४८ लिहिलें व यंत्र वाजूं लागतांच सहाही जणांनीं एकदम कानांवर हात ठेवले. उदाहरण चुकलें हें सांगण्यास त्या दिवशीं शिक्षकाची गरज लागली नाहीं.

मग बाईंची हार्मोनियम आणली. बाजारांत मिळणारी हार्मोनियम बहुधा सप्तकाचे बारा समान भाग करून जुळविलेली असते. तिचा षड्ज २४० चा धरला तर शुद्ध गांधार सुमारें ३०२ चा येतो, कोमल ऋषभ २५४ चा, कोमल धैवत ३८१ चा. आमच्या भंगारांतील भोंग्याचा गांधार ३००. दोहोंतील फरक मुलांस प्रथम ऐकूं येईना. तिसऱ्या शनिवारीं ऐकूं येऊं लागला. बाई दाराशीं उभ्या होत्या, त्या आंत येऊन बसल्या.

याच्याही पुढची गोष्ट एका विद्यार्थिनीनें केली. ती भजनी घरांतील आहे. तिचें म्हणणें पडलें कीं, "सर, सूर बरोबर आहेत, पण हा भैरव नाहीं. ऋषभ हलला पाहिजे." मीं म्हटलें कीं, यंत्रांत मींड नसते. ती गप्प बसली, आणि पुढच्या शनिवारीं वहींत आंकडे लिहून आणले: २४०, २४४, २४८, २५२, २५६, प्रत्येकास एकच माप वेळ. मग २५२, २५६, २५२, २५६. यंत्रानें तें वाजविलें, आणि खरोखर तो ऋषभ झुलूं लागला. ओबडधोबड होता, पायऱ्यापायऱ्यांनीं चढत होता. तरी ज्या मींडेसाठीं आकाशवाणीनें हार्मोनियमला बाहेर काढलें होतें, ती एका टाकाऊ भोंग्यांतून एका चौदा वर्षांच्या मुलीनें काढली. मीं 'नसते' असें सांगितलें होतें, हें येथें मुद्दाम नमूद करितों.

आतां सर्वांत जड आक्षेपाकडे वळतों. तो गणिताच्या माझ्या एका सहाध्यापकांनीं घेतला व त्यांत त्यांचा राग नव्हता, दुःख होतें. ते म्हणाले, "जुन्या यंत्राचें कौतुक हेलसिंकीच्या मुलानें करावें. त्याच्या घरीं नवें आहे. आपल्या मुलांना नवें मिळालेंच नाहीं. त्यांना आपण जुन्याचे गुण सांगूं लागलों, तर उद्यां कोणी म्हणेल, खेड्यांतल्या पोरांना एवढेंच पुरे." याचें उत्तर मीं पुष्कळ दिवस शोधलें. कणगी भरलेली असतां केलेला उपवास आणि चूल न पेटल्यामुळें उपाशी निजणें, यांत पोट सारखेंच रिकामें असतें. पण दोहोंस एक नांव देणें हें पाप आहे. युरोपांतील तरुण चार किलोबाइटचें व्रत घेतात तें उपवासाचें. आमच्या दहा संगणकांवर साठ मुलें आळीपाळीनें बसत, तें व्रत नव्हतें. म्हणून माझें म्हणणें स्पष्ट शब्दांत सांगतों: शाळेस नवे संगणक हवेतच, पुरेसे हवेत, आणि माझ्या या लेखाचा आधार घेऊन कोणीं त्यांतला एकही कमी करूं नये. तसें कोणीं केल्यास मी हा लेख परत घेईन.

परंतु माझ्या मित्रांना माझा उलट प्रश्न आहे. आज आमच्या मुलांची उपासमार कशाची आहे? बदनापूर तालुक्यांतील बहुतेक घरांत मोबाईल पोहोंचला आहे. बोट लावतांच हजारों गाणीं वाजतात. हल्लीं तर दोन वाक्यांत मागणी केली कीं सबंध गाणें रचून, गाऊन देणारीं यंत्रेंही निघालीं आहेत. गाण्यांचा दुष्काळ नाहीं. नवें यंत्र मुलाला विचारतें, "तुला काय हवें?" जुनें यंत्र कांहींच विचारीत नाहीं, तें थांबून राहतें, आणि मुलानें प्रत्येक सूर, त्याची उंची, त्याची लांबी सांगितल्याशिवाय 'टूं' पलीकडे शब्द काढीत नाहीं. सांगण्यासाठीं मुलाला आधीं तें माहीत असावें लागतें, निदान शोधावें लागतें. त्या भजनी घरांतील मुलीला ऋषभ हलतो हें ठाऊक होतें. कसा हलतो तें यंत्रानें तिच्याकडून वदवून घेतलें. नव्या यंत्रावर हें करतां येणार नाहीं असें नाहीं. येतें, आणि जुन्या यंत्रांची हुबेहूब नक्कल करणाऱ्या आज्ञावल्याही फुकट मिळतात. पण ज्या यंत्रावर शंभर करमणुकी हात जोडून उभ्या आहेत, त्यावर चौदा वर्षांच्या मुलानें शनिवारची दुपार पांच आंकड्यांत घालवावी, अशी अपेक्षा मी तरी करूं शकत नाहीं. माझी स्वतःचीही तेवढी धमक नाहीं.

आमच्या गांवीं कृषी संशोधन केंद्र आहे व तेथें कडधान्यांवर काम चालतें. 'बी.डी.एन. ७११' हा तुरीचा वाण शेतकरी वाचकांस मुळींच नवा नाहीं. त्याच्या नांवांतील तीन अक्षरें बदनापूरचीं आहेत. नवा वाण निघाला म्हणून पैदासकार जुनें बियाणें फेंकून देत नाहींत. तें पेरण्यासाठीं नव्हे, तर पुढें केव्हां कोणता गुण लागेल हें आज सांगतां येत नाहीं म्हणून जपून ठेवतात. शाळेनें तीन पेट्यांपुरती तेवढी दूरदृष्टि दाखवावी, इतकेंच मागणें आहे.

व्यवस्थापक मंडळाकडे मीं लेखी विनंति केली आहे. नव्या संगणकांच्या खोलींत जागा नको. प्रयोगशाळेच्या मागील कोठींत खिडकीजवळचें एक बांक पुरे. विजेचा खर्च शनिवारच्या एका तासाचा. तीन यंत्रांपैकीं दोन चालतात. तिसरें त्यांस सुटे भाग पुरवितें. घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी दोहोंत नवी घातली, तिचे पैसे मुलांनींच जमविले. आंतली धूळ मात्र कापसाच्या हंगामांत पुन्हां सांचणार, म्हणून वर टाकण्यास जाड कापडाच्या खोळी हव्यात. त्या शिवून देण्याचें आमच्या बाईंनीं आपण होऊन कबूल केलें आहे. माजी विद्यार्थ्यांस विनंति कीं, घरच्या माळ्यावर टी.व्ही.चा जुना खेळ, पुण्याचा डी.बी. स्पेक्ट्रम किंवा नुसता जुना कळफलक पडून असेल, तर काट्यावर घालण्यापूर्वीं शाळेस एक निरोप धाडावा. कोऱ्या फ्लॉपी कोणाकडे असतील तर त्याही चालतील.

मंडळाचा निर्णय जूनमध्यें कळेल. तोंवर यंत्रें कोठींत झांकून ठेवलीं आहेत. भैरव एका फ्लॉपीवर उतरविलेला आहे. परंतु त्या विद्यार्थिनीनें तो सारा आंकड्यांत, वेळेच्या मापांसह, आपल्या गणिताच्या वहीच्या शेवटल्या दोन पानांवरही लिहून ठेवला आहे. फ्लॉपीवर तिचा विश्वास नाहीं.